पत्ते आणि पत

महाभारताच्या सभापर्वांत दुर्योधन मत्सरानें झुरूं लागला असतां शकुनि त्याला जो सल्ला देतो, तो द्यूतविषयक साऱ्या वाङ्मयांत अत्यंत धोरणी म्हटला पाहिजे. फांसे कसे टाकावेत याची चर्चा तो आधीं करीत बसत नाहीं. युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे, पण त्याला तें खेळतां येत नाहीं, आणि कोणीं बोलावलें असतां तो मागें हटणार नाहीं, एवढेंच तो सांगतो. म्हणजे पट मांडण्यापूर्वींच प्रतिपक्षी कोण, त्याचा स्वभाव कसा, त्याच्याविषयीं लोकांचा समज काय, हा हिशेब पुरा झालेला होता. शकुनीच्या फांशांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. या हिशेबाची मात्र व्हावी तितकी झाली नाहीं.

या हिशेबाचें आजचें माहेरघर म्हणजे अमेरिकेंतील लास व्हेगास शहरचे कॅसिनो, आणि त्यांतही पोकर या पत्त्यांच्या खेळाचें मेज. घरांत सर्वांनीं मिळून वाचावयाच्या मासिकांत जुगाराची चर्चा कशाला, अशी शंका एखाद्या वडीलधाऱ्या वाचकास येणें साहजिक आहे. परंतु दिवाळींत ज्या माजघरांत तीन पत्तीचा डाव पडतो, तेथें 'काकूंनीं चाल वाढविली, आतां पानें टाका' हें वाक्य ज्यानें ऐकलें आहे, त्याला प्रस्तुत विषयाची अर्धी ओळख झालेलीच आहे. शिवाय कॅसिनो ही वस्तु आतां केवळ सातासमुद्रांपलीकडची राहिलेली नाहीं. गोव्यानें आपल्या 1976 च्या जुगारविषयक कायद्यांत 1992 व 1996 सालीं दुरुस्त्या करून तिला वाट मोकळी केली, आणि पणजीस मांडवीच्या पात्रांत कॅसिनोच्या बोटी येऊन उभ्या राहिल्या. महाराष्ट्रानेंही 1976 सालींच कॅसिनोविषयीं एक कायदा केला होता. तो कधींच अंमलांत आला नाहीं व 2023 मध्यें रद्द झाला.

कॅसिनोंतील बहुतेक खेळ मालकाविरुद्ध खेळावयाचे असतात. तेथें आपण गंभीर बसलों काय किंवा हंसत बसलों काय, निकालांत कांहीं फरक पडत नाहीं; चक्रावरची गोळी कोणाच्या तोंडाकडे पाहून थांबत नाहीं. पोकरची गोष्ट निराळी. येथें खेळाडू आपसांत खेळतात. मालक फक्त मेज, पत्ते व पानें वांटणारा माणूस पुरवितो, आणि त्याबद्दल प्रत्येक डावांतील रकमेचा एक लहानसा हिस्सा, बहुधा कांहीं डॉलरांच्या मर्यादेपर्यंत, काढून घेतो. म्हणून मेजाभोंवतीं बसलेल्या सर्वांचा जमाखर्च एकत्र मांडला तर तो नेहमीं तोट्याचाच निघतो. ज्याला नफा हवा, त्यानें तो शेजाऱ्याच्या चुकीतून मिळवावयाचा.

हल्लीं सर्वत्र चालतो त्या 'टेक्सास होल्डेम' प्रकारांत प्रत्येकाला दोन पानें झांकून मिळतात. मग मध्यें सर्वांच्या सामाईक मालकीचीं पांच पानें उघडलीं जातात; आधीं तीन, मग एक, मग शेवटचें एक. पानें वांटल्यावर एकदां आणि प्रत्येक उघडणीनंतर एकदां, अशी चार वेळां पैसे लावण्याची संधि येते. शेवटीं ज्याची पांच पानांची जुळणी श्रेष्ठ तो मधली रास नेतो. परंतु रास नेण्याची दुसरीही एक वाट आहे, आणि खरी गंमत तेथेंच आहे. बाकीच्या सर्वांनीं पानें टाकून दिलीं तर उरलेला एक जण, हातीं कांहीं नसलें तरी, न दाखवितां सर्व घेऊन जातो. असा प्रसंग आणण्यासाठीं मोठी रक्कम लावणें म्हणजे 'ब्लफ'. मराठींत त्यास 'थाप' म्हणतां येईल. पण हुतूतूंत गडी देतो ती 'हूल' हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो.

आतां पतीचा हिशेब. समजा, मधल्या राशींत 100 डॉलर आहेत आणि ज्याच्या हातीं कांहीं नाहीं असा एक खेळाडू आणखी 100 डॉलर लावून हूल देतो. समोरच्यानें पानें टाकलीं तर याला 100 मिळतात. त्यानें बरोबरी केली तर याचे 100 जातात. अशा शंभर प्रसंगांपैकीं पन्नास वेळां पानें पडलीं तर ना नफा ना तोटा. साठ वेळां पडलीं तर 2,000 डॉलरांचा नफा. चाळीसच वेळां पडलीं तर तितकाच तोटा. पानें दोन्ही ठिकाणीं सारखींच, म्हणजे नसल्यासारखींच. फरक पडला तो एवढ्यानेंच कीं, पहिल्याला मंडळी 'हा उगाच पैसे लावणारा नव्हे' असें समजत होती, आणि दुसऱ्याविषयीं 'हा नेहमींचाच थापाड्या' अशी तिची खात्री होती. इंग्रजी खेळाडू याला 'टेबल इमेज' म्हणतात. आपल्या भाषेंत 'पत' हा एक शब्द पुरे. पेढीवर दिलेली हुंडी वटते ती कागदाच्या किंमतीमुळें नव्हे. लिहिणाऱ्याचें नांव पेठेंत चालतें म्हणून. पोकरमधली हूल ही अशीच एक हुंडी आहे.

मग चांगली पत असलेला खेळाडूच नेहमीं जिंकेल, असें वाटेल. तसें होत नाहीं. कारण ज्याच्याविषयीं सर्वांना खात्री आहे कीं हा पानें असल्याखेरीज बोलत नाहीं, त्याच्या हातीं खरोखरच राजे-एक्के आले म्हणजे सगळे मुकाट्यानें पानें टाकतात, आणि सुपीक जमिनींत त्याच्या पदरीं चार दाणे पडतात. उलट, जो थापाड्या म्हणून बदनाम आहे त्याच्या खऱ्या पानांवर लोक आनंदानें पैसे मोजतात. तेव्हां पत चांगली कीं वाईट हा प्रश्नच गौण आहे. आपली पत आज, या मेजावर, काय आहे तें अचूक ओळखावें आणि तिच्या उलट वागावें, हें या विद्येचें सूत्र. सचोटीची ख्याति असलेल्यानें हूल द्यावी; लबाडीची ख्याति असलेल्यानें खरें बोलावें! व्यवहारांतील नीतीला हें सूत्र लावूं नये हें सांगावयास नकोच.

ही गोष्ट गणितज्ञांच्याही नजरेंतून सुटली नाहीं. हंगेरींत जन्मलेले विख्यात गणिती जॉन फॉन नॉयमन यांनीं अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह 1944 सालीं खेळांच्या उपपत्तीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत पोकरची चिकित्सा आहे. हूल देण्याचे दोन हेतु असूं शकतात असें ते दाखवितात: दुर्बळ असतां सबळ भासणें, आणि सबळ असतां दुर्बळ भासणें. पहिला हेतु कोणासही सुचतो. दुसरा सूक्ष्म आहे. अधूनमधून पकडली जाणारी हूल ही फुकट गेलेली रक्कम नव्हे. पुढें खरीं पानें आल्यावर लोकांनीं शंका घ्यावी म्हणून भरलेला तो हप्ता आहे. ज्याची हूल कधींच पकडली जात नाहीं, तो बहुधा पुरेशा हुली देत नसतो.

मात्र पत ही पाहणाऱ्याच्या डोक्यांत राहते, आपल्या नव्हे, याचा विसर भल्याभल्यांना पडतो. एखादा मनुष्य तीन तास संयमानें पानें टाकीत बसतो आणि मग 'आतां माझी पत भक्कम झाली' असें समजून मोठी हूल देतो. परंतु समोर बसलेला गृहस्थ दहाच मिनिटांपूर्वीं येऊन बसलेला असतो! किंवा तो चार दिवसांच्या सुटीवर आलेला प्रवासी असतो. स्वतःच्या दोन पानांपलीकडे त्याचें लक्षच नसतें. त्याच्या लेखीं या तीन तासांच्या तपश्चर्येची किंमत शून्य. कॅसिनोंतील मेजावर माणसें सारखीं उठत-बसत असल्यामुळें तेथील पत ही वाड्यांतल्या किंवा आळींतल्या पतीसारखी पिढीजात नसते. ती तासातासाला नव्यानें मिळवावी लागते. आणि जोंवर कोणीं कांहीं खेळलेलें पाहिलें नाहीं, तोंवर वय, पोशाख, बोलणें, चकत्या हाताळण्याची पद्धत यांवरूनच ती ठरविली जाते. पैशांऐवजीं वापरतात त्या रंगीत चकत्या ज्यानें नीट रचून ठेवल्या आहेत तो बहुधा हात राखून खेळणारा, आणि ज्यानें अस्ताव्यस्त ठेवल्या आहेत तो सैल हाताचा, असा ठोकताळा माइक कारो या अभ्यासू खेळाडूनें 1984 च्या आपल्या पुस्तकांत दिला आहे. पिकल्या केसांच्या गृहस्थानें रक्कम वाढविली तर ती खरी मानावी, असाही एक समज त्या मंडळींत रूढ आहे. धूर्त म्हातारे त्याचा फायदा घेतातच.

पतीनें निकाल कसा फिरतो याचें प्रसिद्ध उदाहरण 2003 सालचें आहे. लास व्हेगासमधील बिनियन यांच्या 'हॉर्सशू' कॅसिनोंत 1970 पासून 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' नांवाचे सामने सुरू झाले होते. त्यांतील मुख्य सामन्याची प्रवेश-फी 10,000 डॉलर. त्या वर्षीं 839 खेळाडू उतरले. त्यांत टेनेसी संस्थानांतील ख्रिस मनीमेकर नांवाचा एक हिशेबनीस होता. (हें त्याचें खरें आडनांव आहे, कोणीं थट्टेनें ठेवलेलें नव्हे.) संगणकावर खेळलेल्या 86 डॉलरांच्या एका पात्रता-सामन्यांतून त्याला ही जागा मिळाली होती. एकेक जण गळत जाऊन शेवटीं तो आणि सॅमी फरहा हे दोघेच उरले. फरहा हा बैरूतमध्यें जन्मलेला, मुरलेला धंदेवाईक खेळाडू. ओठांत न पेटविलेली सिगारेट ठेवून बसण्याची त्याची लकब. समोर टोपी आणि काळा चष्मा घातलेला हा नवखा हिशेबनीस.

एका डावांत मध्यें नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी आणि शेवटीं तिर्री अशीं पानें उघडलीं. पैकीं तीन इस्पिकचीं होतीं. फरहाकडे राणी आणि नव्वी, म्हणजे नव्व्यांची जोडी. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि एक सत्ती. आणखी एक इस्पिक आलें असतें तर त्याचीं एका रंगाचीं पांच पानें झालीं असतीं, पंजी किंवा दश्शी आली असती तर पांचांची मालिका झाली असती. आली ती बदामाची तिर्री. त्याच्या हातीं कांहीं उरलें नाहीं. अशा वेळीं त्यानें आपल्याजवळच्या साऱ्या चकत्या पुढें सारल्या. फरहानें पुष्कळ वेळ विचार केला. तुझे इस्पिक जुळले नसावेत, असें तो बोलूनही दाखविता झाला; म्हणजे सत्य त्याच्या ओठांपर्यंत आलें होतें! आणि तरीही त्यानें जोडी टाकून दिली. झांकलीं पानें दाखविणाऱ्या कॅमेऱ्यामुळें हा सारा प्रकार पुढें दूरदर्शनच्या प्रेक्षकांना दिसला.

फरहाच्या मनांत काय चाललें होतें तें तोच जाणे. माझा तर्क असा कीं, हीच चाल एखाद्या नामांकित धंदेवाईकानें केली असती तर फरहानें ती पाहिली असती. पोटापाण्याची नोकरी करणारा मनुष्य आयुष्यांतून एकदां अशा जागीं पोंचतो आणि हातीं कांहीं नसतां सर्वस्व पणाला लावतो, हें संभवनीयच वाटत नव्हतें. नवखेपणाची जी पत मनीमेकरनें मिळविली नव्हती, आपोआप त्याच्याकडे आली होती, तीच त्यानें त्या क्षणीं वटविली. थोड्या वेळानें पुढच्या एका डावांत फरहानें गुलामांच्या जोडीवर सर्व लावलें, मनीमेकरची खरोखरची पंजी-चौक्की वरचढ ठरली, आणि 25 लाख डॉलरांचें बक्षीस हिशेबनिसास मिळालें. पुढच्या वर्षीं त्याच सामन्यास 2,576 लोक आले. प्रत्येकाला आपण दुसरे मनीमेकर आहोंत असें वाटत असणार; पण त्या सर्वांतून जिंकणारा एकच.

आतां मुद्रेविषयीं. पोकर म्हटलें कीं निर्विकार चेहरा, असें समीकरण इंग्रजी भाषेनेंच रूढ केलें आहे. स्थितप्रज्ञाचीं लक्षणें या मंडळींना जुगाराच्या मेजावर सांपडावींत, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा! कारोचा मुख्य सिद्धांत असा कीं, सामान्य खेळाडू नट असतो, आणि वाईट नट असतो. हातीं चांगलीं पानें असलीं कीं तो खांदे पाडतो, सुस्कारा टाकतो, दुसरीकडे पाहतो; कांहीं नसलें कीं छाती काढतो आणि रोखून पाहतो. हें नवशिक्यांच्या बाबतींत बरेंच खरें आहे. पण मुरलेल्यांच्या चेहऱ्यावर कांहीं वाचूं गेल्यास फसगत होते. 2013 सालीं 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकांत मायकेल स्लेपियन व त्यांचे सहकारी यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वर सांगितलेल्या सामन्यांपैकीं 2009 च्या सामन्यांतील अगदीं छोटीं चलच्चित्रें त्यांनीं लोकांना दाखविलीं, आणि पानें कितपत चांगलीं असावींत तें ओळखावयास सांगितलें. ज्यांना केवळ चेहरे दिसले त्यांचे अंदाज नाणें उडवून केलेल्या अंदाजापेक्षांही वाईट निघाले. ज्यांना केवळ चकत्या पुढें सारणारे हात दिसले, त्यांचे अंदाज मात्र बरे ठरले. चेहऱ्यावर पहारा बसविणारे हातांना विसरतात. जिचीं पानें चांगलीं तिचा हात सहज, न अडखळतां पुढें जातो. लाटलेली पोळी तव्यावर टाकणाऱ्या सरावाच्या हातासारखा.

काळा चष्मा लावून, कानांत यंत्र घालून, पुतळ्यासारखें बसणारे तरुण या मेजांवर पुष्कळ दिसतात. त्यांच्याविषयीं मला फारसा आदर वाटत नाहीं. एक तर ते इतरांना सावध करितात. दुसरें असें कीं, सुटीवर आलेल्या हौशी माणसाला मेजावर गंमत वाटली तर तो हरूनही बसून राहतो, हरतांनाही हंसतो, उद्यां पुन्हां येतो. जो धंदेवाईक त्याच्या चुकीच्या खेळाबद्दल त्याला चारचौघांत टोमणे मारतो, तो स्वतःच्याच गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर घालवितो. येथें सौजन्य हें भांडवल आहे. तें कितपत खरें, हा प्रश्न वेगळा.

पण स्वतःच्या वर्तनाचा सर्वांत मोठा परिणाम स्वतःवरच होतो. एखादा डाव केवळ दैवानें गेला, शेवटच्या पानानें घात केला, म्हणजे मनुष्य चिडतो आणि गेलेलें त्याच तासांत भरून काढावयास निघतो. याला तेथें 'टिल्ट' म्हणतात. जोरानें हलविल्यावर बंद पडणाऱ्या एका खेळण्याच्या यंत्रावरून हा शब्द आला. चिडलेल्या माणसाची पत तत्क्षणीं बदलते. त्याच्या हुलीला कोणी भीत नाहीं, आणि नेमका तेव्हांच तो अधिक हुली देऊं लागतो. पुष्कळांचा महिन्याचा संयम अशा एका संध्याकाळीं संपतो, आणि घरीं गेल्यावर सांगावयाचा आंकडा निराळा असतो. द्यूतसभेंत युधिष्ठिर एकेक पण हरत गेला तसतसा पुढचा पण मोठा होत गेला, हें वाचकांस आठवेलच.

स्त्रियांच्या बाबतींत ही पत बसण्याआधींच ठरलेली असते. मारिया कोनिकोवा या मानसशास्त्रांत डॉक्टरेट मिळविलेल्या लेखिकेनें पोकरचा गंध नसतां एरिक सायडेल या नाणावलेल्या खेळाडूपाशीं शिक्षण घेतलें, आणि 2018 च्या जानेवारींत बहामा बेटांवरील एका स्पर्धेंत 84,600 डॉलरांचें पहिलें बक्षीस मिळविलें. 2020 च्या आपल्या पुस्तकांत तिनें हा प्रवास वर्णिला आहे. समोरचा पुरुष स्त्रीकडे कोणत्या नजरेनें पाहतो तें हेरून त्याप्रमाणें खेळावें लागतें, असा तिचा अनुभव. बायका हूल देत नाहींत असें जो मानतो त्याला हूल द्यावी. बाईपुढें माघार कशी घ्यावी असें ज्याला वाटतें त्याला देऊं नये. 2016 मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत संगणकावरील मेजाभोंवतीं कधीं पुरुषांचीं तर कधीं स्त्रियांचीं चित्रें ठेवलीं होतीं. स्त्रियांचीं चित्रें असलेल्या मेजांवर लोकांनीं सुमारें 6 टक्क्यांनीं अधिक हुली दिल्या. आणि विचारल्यावर बहुतेकांनीं, चित्राचा आमच्या खेळाशीं कांहीं संबंध नव्हता, असें सांगितलें.

पत वाजवीपेक्षां मोठी झाली तर काय होतें, तें स्टू उंगर याच्या चरित्रांत दिसतें. न्यूयॉर्कचा हा मुलगा 'जिन रमी' या खेळांत इतका निष्णात होता कीं, त्याच्याशीं पैसे लावून बसावयास कोणी तयार होईना. विद्या परिपूर्ण, पण गिऱ्हाईक नाहीं. नाइलाजानें तो पोकरकडे वळला आणि 1980 व 1981 अशीं लागोपाठ दोन वर्षें, व पुन्हां 1997 सालीं, मुख्य सामना जिंकला. समोरच्याचें मन वाचणाऱ्या या माणसाला आपल्या व्यसनांपुढें मात्र कधीं पानें टाकतां आलीं नाहींत. 1998 च्या नोव्हेंबरांत लास व्हेगासच्या एका साध्या मोटेलच्या खोलींत तो मृत आढळला. वय अवघें 45.

आणि ज्याला चेहराच नाहीं असा खेळाडू? 2017 च्या जानेवारींत पिट्सबर्गच्या 'रिव्हर्स' कॅसिनोंत कार्नेगी मेलन विद्यापीठाचे टुमास सँडहोम व नोअम ब्राऊन यांनीं रचलेल्या 'लिब्रॅटस' या संगणक-कार्यक्रमाशीं चार निवडक धंदेवाईक खेळाडू वीस दिवस खेळले. एकास एक असे 1,20,000 डाव झाले. चौघे रोज रात्रीं एकत्र बसून त्याच्या संवयी शोधीत, त्याचें वर्म कोठें आहे याचे तर्क लढवीत. यंत्र त्या वेळीं निराळेंच काम करीत असे. त्यांच्या स्वभावाकडे, संवयींकडे तें मुळीं पाहतच नव्हतें. दिवसभरांत त्यांनीं आपल्या कोणत्या उणिवेवर बोट ठेवलें तेवढें तपासून तें ती रातोरात बुजवीत असे. दुसऱ्या दिवशीं चौघे आदल्या रात्रीं सांपडलेली वाट धरून येत, तों ती बंद झालेली असे. विसाव्या दिवशीं हिशेब झाला तेव्हां यंत्राच्या नांवावर 17 लाखांहून अधिक चकत्यांची आघाडी जमा होती.